जुलैतला बावडा, मे महिन्यातलं पुणं

शनिवारी पहाटे कोल्हापुरात तावडे हॉटेलपाशी पुण्याच्या गाड्या थांबतात. पाठीवर लॅपटॉपची सॅक घेतलेली पोरं उतरतात, कुणी रिक्षानं, कुणी न्यायला आलेल्या भावाच्या गाडीवरून कसबा बावड्यात येतात, दोन दिवस आईच्या हातचं खातात आणि रविवारी रात्री पुन्हा त्याच जागी जाऊन उभी राहतात. एकट्याचं असतं तोवर हे चालून जातं. लग्न होतं, मूल होतं किंवा व्हायचं असतं, आणि मग प्रश्न उभा राहतो: कायमचं कुठं राहायचं? पुण्यात फ्लॅट घ्यायचा की बावड्यातल्या घरावर मजला चढवायचा?

मी पुण्यात आठ वर्षं काढली. २०१६ मध्ये मुलगी साडेतीन वर्षांची असताना आम्ही बावड्यात परत आलो. तेव्हापासून गल्लीतली, नात्यातली जोडपी हा प्रश्न घेऊन घरी येतात. प्रत्येकाशी बोलताना जाणवतं, की याची चर्चा दोनच गोष्टींवर चालते. एका पारड्यात पुण्याचा पगार, दुसऱ्यात कोल्हापूरचं निवांतपण. या दोन्ही गोष्टी खऱ्याच, पण निर्णय त्यांच्यावर ठरत नाही असं माझं मत झालं आहे. तो ठरतो संध्याकाळी पाच ते आठ या तीन तासांवर: मूल तेव्हा कुणाजवळ असतं, आणि ते कुणाजवळ तरी असावं म्हणून कुणाची नोकरी जाते.

आधी थोडं मागं जाऊ. शिकायला किंवा पोटासाठी गाव सोडणं बावड्याला नवीन नाही. राजर्षी शाहू महाराज २६ जून १८७४ रोजी इथल्याच लक्ष्मीविलास राजवाड्यात जन्मले, पण शिक्षणासाठी त्यांना राजकोटला आणि नंतर धारवाडला राहावं लागलं. म्हणूनच की काय, गादीवर आल्यावर त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहांची रांग उभी केली. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी, आणि पुढं जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या अशा अनेक समाजांच्या मुलांसाठी. खेड्यातला पोरगा शिकायला शहरात यायचा तो कोल्हापुरात. १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्या काळी आसपासच्या मुलखाला कोल्हापूर हेच मोठं शहर होतं.

दुसरा ओघ मुंबईकडचा. सातारा-कोल्हापूरकडचे हजारो गडी गिरणगावात गेले, गावकीच्या खोल्यांत पाळीपाळीनं झोपले, खाणावळीत जेवले. बायका-पोरं गावाकडं, मनीऑर्डर महिन्याला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यातले कितीतरी जण हात हलवत परतले. या पिढीपुढं ‘कुटुंबासाठी कुठलं शहर’ असा प्रश्नच नव्हता, कारण कुटुंब शहरात न्यायचंच नव्हतं. बाई गावाकडं शेत, सासू-सासरे आणि पोरं सांभाळणार हे धरून सगळं चालायचं. आजचा प्रश्न नवा आहे तो यासाठी, की आता घरात दोघं शिकलेली असतात आणि दोघांनाही काम हवं असतं. हे ध्यानात घेतल्याशिवाय दोन शहरांची तुलना करणं म्हणजे अर्ध्या घराचाच हिशेब मांडणं.

आता कामाचं बघू. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या होती ५ लाख ४९ हजार, पुणे महापालिकेची ३१ लाख २४ हजार, आणि शेजारचं पिंपरी-चिंचवड १७ लाखांच्या वर. त्यानंतर हे अंतर वाढलंच असणार. पण नुसत्या आकारापेक्षा कामाचा पोत महत्त्वाचा. कोल्हापूरचं बळ फाउंड्री, मशीन शॉप, साखर, दूध आणि व्यापार यांत. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत कास्टिंग ओतणारे, ते मशिनवर चढवणारे आणि ते विकणारे यांना काम आहे. मी यांत्रिकी शाखेचा, त्यामुळं मला शिरोलीत डिझाईनचं काम मिळालं. पगार पुण्यापेक्षा कमी, पण काम तेच. सॉफ्टवेअर, औषध-संशोधन, मोठ्या कंपन्यांची कार्यालयं यांतलं मात्र इथं फार थोडं आहे. कोल्हापुरात आयटी पार्क होणार ही चर्चा मी कॉलेजात असल्यापासून ऐकतो आहे.

एका पेशाचं चित्र अलीकडं बदललं, ते वकिलांचं. कित्येक वर्षांच्या आंदोलनानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता इथं चालतात. उच्च न्यायालयात वकिली करायची तर मुंबई, हे ज्यांनी गृहीत धरलं होतं, त्यांच्या मुलाबाळांचं गाव यामुळं बदलू शकतं. एखादी संस्था एका शहरातून दुसऱ्या शहरात येते तेव्हा किती घरांचे निर्णय हलतात, याचं इतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही. भाषणांतल्या विकासापेक्षा असं एक न्यायालय, एक मोठं रुग्णालय, एक संशोधन केंद्र गावाला जास्त माणसं परत देतं.

घराचा हिशेब सगळे करतात, म्हणून तो थोडक्यात सांगतो. पुण्यात घरासाठी ४० लाखांचं कर्ज काढलं, व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षं, तर हप्ता बसतो साधारण ३४,७०० रुपये. वीस वर्षांत बँकेला जातात ८३ लाखांच्या वर. ज्यांचं बावड्यात वडिलोपार्जित घर आहे त्यांना हा हप्ता नाही, म्हणजे पुण्याच्या पगारातून तेवढे पैसे आधीच वजा. पण बावड्यात घर नसेल, भाऊ-भाऊ वाटण्या व्हायच्या असतील, किंवा एकत्र राहणं जमणारं नसेल, तर ही तुलना कोसळते. ‘गावाकडं घर आहे की’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकानं त्या घराचा उतारा एकदा नीट वाचावा, हे मी कळकळीनं सांगतो.

आता त्या तीन तासांकडं येतो.

पुण्यात आम्ही धायरीत राहत होतो. माझी कंपनी भोसरीला, बायकोची हिंजवडीला. तिला जायला दीड तास, यायला दीड तास. दिवसाचे तीन, वर्षाचे कामाचे अडीचशे दिवस धरले तर ७५० तास. म्हणजे वर्षातला एक अख्खा महिना, रात्रीसकट, ती रस्त्यावर असायची. मेट्रो तेव्हा नव्हती. ६ मार्च २०२२ ला तिचे पहिले टप्पे सुरू झाले, पण ज्यांचं घर आणि नोकरी दोन्ही मार्गाजवळ नाहीत त्यांची सुटका तिनं अजून केलेली नाही. पाळणाघर सातला बंद व्हायचं. सातला पाच कमी असताना वारज्याच्या पुलावर अडकलेल्या आईच्या पोटात जे होतं, ते कुठल्याच पगाराच्या पावतीवर दिसत नाही.

कायदा याबाबतीत काही प्रमाणात पुढं गेला आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं. पण पाळणाघर कंपनीत असलं तरी तान्ह्या लेकराला तीन तासांचा प्रवास रोज कोण घडवणार? आणि घरी पोहोचल्यावर काम संपतं असंही नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये लोकांचा वेळ कसा जातो याची देशभर पाहणी केली. तीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाची २९९ मिनिटं त्यात जातात, तर घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७, असं दिसलं. पाच तास आणि दीड तास. यात मी कुठं बसत होतो हे मला माहीत आहे, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

म्हणून आम्ही परतायचं ठरवलं. मला वाटलं होतं तशी आई आनंदानं नाचली नाही. ती म्हणाली, “नातीला सांभाळायला मी हाय की. पण सूनबाईनं दिवसभर करायचं काय?” त्या वेळी मला हा प्रश्न गौण वाटला. मिळेल काहीतरी, असं मी म्हणालो. बायको सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. तिनं इथं दोन वर्षं काम शोधलं. जे मिळालं त्याचा पगार पुण्यातल्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचत नव्हता, आणि ते तिचं कामही नव्हतं. २०२० मध्ये टाळेबंदी आली, घरून काम करायची पद्धत पडली, आणि चार वर्षांच्या खंडानंतर ती आपल्या क्षेत्रात परत आली. तिच्याबरोबर लागलेल्या मुली तोवर तिच्यापेक्षा दोन पायऱ्या वर होत्या. आमच्या लेकीला आजी मिळाली, अंगण मिळालं, मला दुपारी घरी जेवायला येता आलं. या सगळ्याची किंमत एकाच माणसानं भरली.

जनगणनेत स्थलांतराचं कारण विचारतात, तेव्हा स्त्रियांच्या रकान्यात सर्वांत जास्त येणारं उत्तर ‘विवाह’ हे असतं. गाव बदलताना तिनं काय सोडलं यासाठी तिथं रकानाच नाही. घराघरांतल्या चर्चेतही नसतो. ‘कोल्हापूर मुलांसाठी बरं’ असं कुणी म्हणालं की मी आता विचारतो, मुलांच्या आईसाठी काय? आणि ‘पुण्यात दोघांनाही काम आहे’ असं कुणी म्हणालं की विचारतो, मूल कुणापाशी? दोन्ही शहरं या प्रश्नाचं निम्मं निम्मंच उत्तर देतात. पुण्यात तिला काम आहे पण मदतीला हात नाहीत, बावड्यात हात आहेत पण काम नाही.

पाण्याबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण मूल वाढवायचं तर पाणी सगळ्यांत आधी.

बावड्याची ओळख उभ्या महाराष्ट्राला पावसाळ्यात होते. पंचगंगेची पातळी मोजतात ती इथल्या राजाराम बंधाऱ्यावर. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. जुलै लागला की आमच्या घरात सकाळी चहाच्या आधी हा आकडा विचारला जातो, आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले हेही. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शंभर वर्षांत एकदा येतो असा पूर म्हणून आम्ही मनाची समजूत घालतो न घालतो तोच जुलै २०२१ मध्ये ते ५६ च्याही वर गेलं. आमचं घर उंचावर, पाणी दारात आलं नाही. पण शियेकडचा रस्ता बुडाला, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, आणि शहराला पाणी देणारी उपसा केंद्रंच पुरात गेल्यानं चोहीकडं पाणी असताना आम्ही टँकरपुढं घागरी घेऊन उभे होतो. पहिल्या पुराच्या वेळी लेक साडेसहा वर्षांची. तिला समजावता येईना, की नदी एवढी भरली तर नळ कोरडा का.

पूर ओसरला की दुसरी काळजी सुरू होते ती पंचगंगेच्या प्रदूषणाची. सांडपाणी, कारखान्यांचं पाणी, आणि त्यातून उद्भवणारे आजार. खाली इचलकरंजीनं २०१२ मध्ये काविळीची साथ भोगली. काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईननं पाणी आणायची योजना कित्येक वर्षं रखडून अखेर २०२३ च्या दिवाळीत शहरात पाणी घेऊन आली. त्या दिवाळीला झालेला आनंद मला कुठल्याही मॉलच्या उद्घाटनापेक्षा मोठा वाटतो.

पुण्याच्या पाण्याची कथा वेगळी. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं उशाला, आणि तरी कडेच्या सोसायट्या उन्हाळाभर टँकरवर. आधी इमारती उभ्या राहिल्या, नळ मागून आले, किंवा अजून यायचे आहेत. महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. पुणं क्षेत्रफळानं मुंबईपेक्षाही मोठं झालं, पण हद्दीत येणं आणि पाणी येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचं पाणी शिरलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरीच्या भागात गुलियन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, आणि संशय पाण्यावर गेला. आम्ही सोडलेल्या घराच्या आसपासची ही नावं बातम्यांत ऐकताना तिथं राहिलेल्या शेजाऱ्यांच्या मुलांच्या काळजीनं आमचा जीव कंठाशी आला होता. पूर फक्त कोल्हापूरला आणि पुणं सुरक्षित, हा समज आता मनातून काढून टाकावा लागेल.

कोल्हापूरचं दुखणं उलट आहे. पुण्याची हद्द धावत सुटली, आणि कोल्हापूर महापालिका १५ डिसेंबर १९७२ ला झाली तेव्हापासून हद्द तेवढीच, ६६.८२ चौरस किलोमीटर. उचगाव, पाचगाव, कळंबे, उजळाईवाडी इथं शहर कधीच पोचलं, कागदावर मात्र नाही. हद्दवाढीला गावांचा विरोध आहे आणि त्यांची भीतीही खोटी नाही. पण स्वस्त म्हणून या गावांत फ्लॅट घेणाऱ्या तरुण जोडप्यानं रस्ता, गटार, कचरा कुणाकडं मागायचा हे आधी विचारून घ्यावं.

शाळेबद्दल लोक फार घाबरतात. मला तितकी भीती वाटत नाही. दहावीपर्यंत कोल्हापुरात चांगल्या शाळा आहेत, आणि त्यात महापालिकेची शाळाही येते. जरगनगरच्या मनपा शाळेत प्रवेश मिळावा म्हणून गुढीपाडव्याला पालक रांगा लावतात. सरकारी मराठी शाळेसाठी रांग, हे ज्या शहरात घडतं तिथं मूल वाढवायला मला आवडतं. बारावीनंतर बहुतेक मुलं पुण्याला जाणारच आहेत, ती बावड्यातून गेली काय किंवा धायरीतून, फरक फार नाही. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शिक्षण तर आता बावड्यातच आहे, आणि शहरात शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून. खेळाचं म्हणाल, तर पेठापेठांतलं फुटबॉल आणि तालमी यांची बरोबरी पुणं करू शकत नाही. पण वरच्या पायरीला गाव सोडावं लागतंच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक आणणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, पण तो घडला नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि पुढं पुण्यात.

दवाखान्यांबाबत एवढंच सांगतो, की रोजच्या आणि मध्यम आजारांना कोल्हापूर पुरेसं आहे आणि जवळ मिरज आहे. दुर्मिळ, गुंतागुंतीच्या आजारासाठी मात्र पुणं-मुंबई गाठावी लागते. पण सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांना दुर्मिळ आजार फार क्वचित होतो. त्यांना होतं ते घसरून पडणं, साखर खाली जाणं, रात्री छातीत भरून येणं. त्या वेळी मुलगा २३० किलोमीटरवर असला तर तो फोन करू शकतो, हात देऊ शकत नाही. सप्टेंबर २०२४ पासून कोल्हापूर-पुणे वंदे भारत सुरू झाली, पण ती आठवड्यातून तीन दिवस, आणि आजार वार बघून येत नाही. दुसऱ्या बाजूनं, आई-वडिलांनाच पुण्याला न्यावं म्हणणाऱ्यांनी दहाव्या मजल्यावर दिवसभर बसलेल्या, ओळखीचा एकही माणूस खाली नसलेल्या वडिलांचा चेहरा बघावा. बावड्यात माझे वडील रोज सकाळी चहाच्या टपरीवर दोन तास बसतात. कारखान्याचा हंगाम, नदीची पातळी आणि कुणाच्या पोराचं कुठं जमलं यांवर बोलतात. हे दोन तास मला पुण्यात विकत घेता आले नसते.

मधले मार्गही लोकांनी काढले आहेत. नवरा पुण्यात, बायको-मुलं बावड्यात, शनिवार-रविवार भेट. यात गिरणगावाची जुनी रीतच वेगळ्या कपड्यांत परत आली आहे, आणि मूल बापाला पाहुणा समजायला लागतं. मला हा मार्ग सगळ्यांत वाईट वाटतो. नाइलाजानं वर्षभर ठीक, कायमचा नको. घरून काम हा त्याहून कितीतरी बरा, पण कंपनी कधीही परत बोलावते. तशी बोलावणी आली तेव्हा गल्लीतली दोन घरं एका महिन्यात पुन्हा पुण्याला गेली. तिसरा मार्ग वयाप्रमाणं बदलायचा: लग्नानंतर पुणं, मूल चालायला लागलं की बावडा, ते अकरावीला गेलं की पुन्हा विचार. तो मला पटतो, पण त्यासाठी पुण्यात वीस वर्षांचं कर्ज गळ्यात नको, भाड्याचं घर हवं.

म्हणून कुणी विचारायला आलं की मी आता मत न देता दोन कामं सांगतो. पहिलं, बायकोच्या कामाचा शोध आधी घ्या, नवऱ्याच्या कामाचा नंतर. आम्ही उलटं केलं. दुसरं, घर सणाला बघू नका. दिवाळीतला बावडा आणि गणपतीतलं पुणं दोन्ही फसवतात. पुण्यातला फ्लॅट मे महिन्यात दुपारी बघा, टँकर किती येतात ते वॉचमनला विचारा, आणि संध्याकाळी सहाला तिथून नोकरीच्या जागेपर्यंत जाऊन या. बावड्यातलं घर जुलैत बघा.

गेल्या जुलैत एक चुलतभाऊ आणि त्याची बायको असे आले होते, दहा दिवस, दीड वर्षाच्या पोराला घेऊन. ती घरूनच काम करते. पाऊस थांबत नव्हता. वीज दोनदा गेली तेव्हा ती लॅपटॉप घेऊन आमच्याकडं इन्व्हर्टरवर येऊन बसली. चौथ्या दिवशी आम्ही सगळे छत्र्या घेऊन राजाराम बंधाऱ्याकडं पाणी बघायला गेलो. बंधारा पाण्याखाली गेला होता, लाल पाणी उसाच्या फडांना लागलं होतं. तिनं पोराला कडेवर घेऊन बराच वेळ ते पाहिलं आणि माझ्या बायकोला विचारलं, “वहिनी, तुमचं मधल्या चार वर्षांत नेमकं काय झालं ते मला सगळं सांगाल?” त्या दोघी मागं राहिल्या. आम्ही पोराला घेऊन पुढं निघालो.